हात थांबल्यावर ये

लेकराच्या दंडाला हत्यार लावायच्या आधी मोतीरामभाऊ त्याला एकच प्रश्न विचारायचे, "तुया घरच्या बकरीचं नाव काय?"

पोर रडता रडता थांबायचं आणि विचारात पडायचं. बकरीला नाव असेल तर आठवायला वेळ लागे, नसेल तर ठेवायला लागे. तेवढ्यात दोन्ही टिके टोचून झालेले असत. मग पोर भोकाड पसरायचं, पण मोतीरामभाऊ पुढच्या दंडाकडे वळलेले असायचे. ज्यांच्या घरी बकरी नव्हती त्यांच्यासाठी काय करायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बकरी नसन तं लेकराले अजून जास्त वेळ लागते. त्याले वाटते, बापानं लपवून ठेवली का काय."

आम्ही देवीची लस टोचणारे. मी नोकरीला लागलो तेव्हा राज्यांची नवी मांडणी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचं बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं होतं आणि कार्यालयातले कागद हिंदीत लिहायचे होते. मोतीरामभाऊंची हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' लावलेलं. साहेब हसायचे. भाऊ म्हणायचे, "साहेब, लेकराले टोचलं का नाही ते पाहा. भाषा दंडावर उमटत नाही."

ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, पुढचे दोन दात थोडे पुढे आलेले. चालायला लागले की मला पळावं लागे. लांजीच्या बाजूचा रानातला पट्टा आमच्या दोघांकडे होता. बसनं लांजीपर्यंत जायचं आणि तिथून पुढं पायी. एकेका टोल्यावर, म्हणजे रानातल्या लहान वस्तीवर, जायला दोन नाले ओलांडावे लागत. दुपारी कुठं सावली दिसली की ते झोळी डोक्याखाली घेऊन आडवे व्हायचे आणि बरोबर वीस मिनिटांनी उठायचे. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं.

मी लांजीकडच्याच एका कुणब्याच्या घरातला. ते बालाघाटच्या ज्या वॉर्डात राहत, तिथल्या साऱ्या घरांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. गावात पोचल्यावर पाटलाच्या घरून मला लोट्यातून पाणी यायचं आणि त्यांना ओंजळीत वरून ओतलं जायचं. मी पहिल्या वर्षी खाली मान घालून पाणी प्यालो. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी मीही ओंजळ पुढं केली तेव्हा ते रस्त्यात मला म्हणाले, "काहून तसं केलं? माया ओंजळीचं मी पाहून घेईन." आणि थोड्या वेळानं आपणच हसले. "हरी, पाहा ना गंमत. माया हातचं पानी चालत नाही, पन माया हातची देवी चालते. अख्ख्या गावाच्या दंडाले मी हात लावतो, बामनाच्या बी."

ही गंमत त्यांना सांगता यायची, पण सोसता येत नव्हती. पुढं रानात गेलं की गोंडांच्या टोल्यांवर कोणी ओंजळ करायला लावत नसे. आंगणात बसवायचे, मोहाची दारू पानाच्या द्रोणात ओतून पहिला द्रोण पाहुण्याला द्यायचे. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात एकमेकांना लागायचा. मोतीरामभाऊ तो द्रोण दोन्ही हातांनी घ्यायचे. आधी तो मान म्हणून घेतला, मग थकवा जावा म्हणून, मग हात थांबावा म्हणून. मी त्यांना पाहिलं तोपर्यंत ते तिसऱ्या पायरीवर आले होते. सकाळी घोट घेतला नाही तर त्यांचे हात थरथरत आणि घोट घेतला की दगडासारखे स्थिर होत. झोळीत खोकल्याच्या औषधाची एक बाटली असायची. त्यांना खोकला कधी झालेला मी पाहिला नाही.

रविवारी वॉर्डातल्या विहारात सगळे वंदनेला बसायचे. विहार म्हणजे कौलांची एक खोली. पंचशील म्हणताना मोतीरामभाऊंचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. चार शीलं ते खणखणीत म्हणत आणि पाचव्याला, दारूच्या, गप्प व्हायचे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंड बंद. बाकीचे पाचवं संपवेपर्यंत थांबायचे. पिणारे अजून चौघे-पाच जण तिथं बसायचे, ते पाचही म्हणून मोकळे होत. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना भर सभेत विचारलं, "मोतीराम, पाचवं काहून गिळतं रे?"

"काका, चवथं खोटं न बोलायचं हाय ना? ते आत्ताच घेतलं. लगेच कसं मोडू?"

लोक हसले. त्यांची बायको जनाबाई पोरींना घेऊन मागं बसायची. ती हसली नाही.

जनाबाईंनी काय काय केलं होतं, त्याची यादी करायला गेलं तर थकायला होतं. हट्टा गावच्या एका वैदूची पुडी भाजीत मिसळून घातली. भाऊंना तीन दिवस ओकाऱ्या झाल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी ओकाऱ्यांवर उतारा म्हणून घेतली. जनाबाईंच्या भावानं एकदा मारलं. एकदा थोरल्या पोरीच्या, शांताच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली; ती अकरा दिवस टिकली. साहेबांनी लेखी ताकीद दिली. प्रत्येक वेळी भाऊ मनापासून हो म्हणत. हेच फार वाईट होतं. खोटं हो म्हणाले असते तर जनाबाईंना राग तरी आला असता. एकदा मी घरी गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी त्याईले समजावू नका. समजावलं का दोन दिवस बरे राहतात. मंग मले वाटाले लागते, आता सुटली. मले आता वाटून घ्याचा बी कंटाळा आला."

आता सावरटोल्याचं सांगतो. हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात माझीही सही आहे.

लांजीपासून रानात आठ-नऊ मैलांवर सावरटोला म्हणून बावीस घरांचा एक टोला होता. एका फेरीत तो भाऊंच्या वाट्याला आला आणि अलीकडचं मोठं गाव माझ्या. तिसऱ्या दिवशी ते मला ठरल्या जागी भेटले. डोळे लाल, पायात एकच चप्पल. वही त्यांनी भरलेली होती. गेल्या वर्षीच्या वहीतली नावं, तीच, त्याच क्रमानं. नव्या जन्मलेल्यांची दोन नावं अंदाजानं घातली होती. ते टोल्यावर गेलेच नव्हते. वाटेतल्या एका दारूच्या भट्टीवर तीन दिवस पडून होते. मला ते दिसताक्षणी कळलं. त्यांनीही लपवलं नाही. म्हणाले, "हरी, पुढच्या महिन्यात जाऊन येतो." वहीवर सोबत्याची सही लागायची. मी केली.

पुढचा महिना आला आणि गेला. त्या उन्हाळ्यात सावरटोल्यावर देवी आली. मोठी पोरं वाचली, त्यांच्या दंडावर जुन्या फेऱ्यांच्या खुणा होत्या. दोन लहानगी गेली. दोन्ही दीड-दोन वर्षांची, त्या वर्षी टोचायला हवी होती ती. साथ लागल्याचं कळल्यावर आमची तुकडी तिकडे गेली, पण भाऊ आजारी पडले होते, खरेच पडले होते. मी गेलो. कोणी मला काही विचारलं नाही. साहेबांनी वही पाहिली, दोन मुलं दगावल्याचं लिहिलं, आणि लस खराब निघाली असेल असा शेरा मारला.

लोकांना वाटतं, अशा धक्क्यानं माणूस सुधरतो. मोतीरामभाऊ त्यानंतर दुप्पट प्यायला लागले. आधी हात थांबवायला घेत, आता दोन लेकरांचं नाव काढून घेऊ लागले. "आज त्याईची लय याद येऊन राह्यली," असं म्हणाले की मी समजून जायचो. सावरटोल्याची वाट ते टाळत. दर फेरीला तो टोला माझ्या वाट्याला, आणि त्यासाठी त्यांना दोन नाले जास्तीचे ओलांडावे लागले तरी ते ओलांडत. असं तीन वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी, मोहाचा हंगाम संपत आलेला, आम्ही लांजीला बसमधून उतरलो आणि ते म्हणाले, "आज सावरटोल्याले मी बी येतो."

"काहून?" मी विचारलं.

"वाट वाकडी करून करून पाय दुखले."

दुसरं कारण त्यांनी दिलं नाही. मला वाटतं, दुसरं नव्हतंही.

टोल्यावर पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. आंगणाआंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, सगळ्या टोल्याला त्यांचा गोड, जड वास. सुकवारो नावाची बाई आपल्या आंगणात फुलं हातानं पसरत होती. गेलेल्या दोघांतला एक तिचा पोरगा. तिच्या पाठीला आठ-नऊ महिन्यांचं दुसरं मूल बांधलेलं होतं. हे मूल मी कागदावरसुद्धा घेतलेलं नव्हतं, कारण मी येतो तेव्हा ती कधी घरात सापडायची नाही.

भाऊ तिच्या समोर जाऊन उकिडवे बसले. नमस्कार नाही, काही नाही.

"बाई, ज्या साली तुयं लेकरू गेलं, त्या साली टिका लावाले मी येनार होतो. मी आलोच नाही. कागदावर लिवलं का आलो."

तिनं फुलं पसरायचं थांबवलं नाही. "मले मालूम हाय."

"मालूम हाय?"

"सगळ्याईले मालूम हाय. कोनी आलं नव्हतं, ते आमाले नाही मालूम होनार तं कोनाले?"

"मंग तुमी सांगतलं काहून नाही? साहेब आलते, त्याईले?"

"काय सांगाचं?" ती म्हणाली. "तू आला असता तं आमी पळालो असतो रानात. दरसाल पळतोच, सापडले त्याईलेच टिके लागतात. हा येते तवा बी पळतो." तिनं माझ्याकडे हात केला. "तू नाही आला त्या साली आमाले बरंच वाटलं होतं. पळावं लागलं नाही."

कोणी बसायची जागा खालून काढून घ्यावी तसा मोतीरामभाऊंचा चेहरा झाला. मला वाटलं, चला, माणूस सुटला. तिनंच सोडवला.

मग तिनं हात झटकले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पन तू आला नाही, हे बी खरं. आमी पळालो का नाही पळालो, ते पाहाले बी तू आला नाही." तिनं पाठीवरचं मूल पुढं घेतलं. "मोठं लेकरू होतं तवा मी पळत होते. आज नाही पळत. याले लाव."

भाऊंनी झोळी उघडली. लसीची कुपी काढली, दिवा काढला, हत्यार काढलं. त्या दिवशी सकाळी त्यांनी घोट घेतला नव्हता; कबुली द्यायची होती म्हणून घेतला नसावा. हात असे थरथरत होते की काडी पेटेना. तीन काड्या वाया गेल्या. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"हा हात नाही," ती म्हणाली.

मी पुढं झालो. "बाई, मी टोचतो. मायाकडे दे."

"तू नाही. यानंच टोचाचं. याचंच राह्यलं हाय."

"अगं, पन शेजारच्या गावात देवी आली आहे म्हणतात. लेकराचा जीव..."

"लेकरू मायं हाय," ती म्हणाली. मग भाऊंचं मनगट सोडलं. "जा. हात थांबल्यावर ये."

परतीच्या वाटेवर आम्ही एक नाला ओलांडला. दुसऱ्याशी ते पाण्यात पाय सोडून बसले. "हरी, तीन साल मी त्या दोघाईच्या नावानं पेत होतो. ती म्हनते, तू आला असता तरी काही झालं नसतं. मंग मी काय पेत होतो रे?" थोड्या वेळानं म्हणाले, "अन् ती दुसरं म्हनाली, ते बी खरं हाय. मले तिनं ना सोडलं, ना धरलं."

त्यावेळी मी एक गोष्ट बोललो, जिची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "भाऊ, उद्या सकाळी घोटभर घ्या. हात थांबते तुमचा. टिका लावून टाकू. मंग सोडायची तं सोडा. लेकराचा प्रश्न हाय." मला खरंच लेकराची काळजी होती. पण एवढंच नव्हतं. मला ते प्रकरण मिटवायचं होतं, माझ्या सहीसकट.

ते म्हणाले, "घोटानं हात थांबते, ते मले बी मालूम हाय. ती म्हनाली हात थांबल्यावर ये. तिले काय म्हनायचं होतं, ते मले समजलं. तुले बी समजलं."

बालाघाटला परत आल्यावर त्यांनी रजा टाकली. जनाबाईंना त्यांनी काही वचन दिलं नाही. फक्त म्हणाले, "मी घरीच हावो. कुठं जाऊ लागलो तं दार लावून घेजो." दार लावायची वेळ आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते उठूच शकले नाहीत. कुठल्याही शपथेच्या वेळी झालं नव्हतं तसं अंग थरथरायला लागलं. घाम, उलट्या. भिंतीवरून मुंग्या उतरताहेत म्हणून ते भिंत झाडत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना झटका आला, तोंडाला फेस आला. शांता धावत माझ्या घरी आली. खाटेवरच उचलून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "इतकी वर्षं पिणारा माणूस एकदम थांबवतात का? मरायचा होता. आधी आणायला काय झालं होतं?" आम्हाला काय ठाऊक. आम्हाला वाटायचं, न पिण्यानं कोणी मरत नाही.

पाच दिवस ते दवाखान्यात होते. जनाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून असायच्या. मी दुपारी डबा घेऊन गेलो की त्या उठून बाहेर व्हरांड्यात जायच्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. एकदा मी म्हणालो, "वहिनी, या वेळी सुटते वाटते." त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "भाऊजी, ते नका बोलू. डबा ठेवा."

घरी आल्यावर त्यांनी शांताची पाटी मागून घेतली. रोज सकाळी, तोंड धुतल्यावर, ते पाटीवर खडूनं वरून खाली एक रेघ ओढायचे. पहिल्या दिवशीची रेघ नाल्यासारखी वळणं घेत गेली होती. ती पाहायचे, पुसायचे आणि पाटी पोरीला शाळेला द्यायचे. मी विचारलं, पुन्हा एकदा ओढून का पाहत नाही? म्हणाले, "लेकराच्या दंडावर पुन्हा पुसून ओढता येत नाही."

इकडे माझा जीव वर-खाली. शेजारच्या गावातली देवीची बातमी खरी ठरली होती. मी एकटाच सावरटोल्याला गेलो. सुकवारोच्या दाराला काटेरी फांदी लावलेली, ती रानात. दोन तास थांबलो. टोल्यातली एक म्हातारी म्हणाली, "तू जा. तू हायस तवर ती येत नाही." मी परत फिरलो. टोल्यातल्या बाकीच्यांना टोचलं, एवढंच. हे मी भाऊंना सांगितलं. दुसऱ्या दिवसाची रेघ आदल्या दिवसापेक्षा वाईट आली आणि संध्याकाळपर्यंत ते पाटीकडे पाहत बसले. सांगायला नको होतं.

रेघ सरळ यायला दवाखान्यातून आल्यावर तीन आठवडे लागले. एकदा आली, दुसऱ्या दिवशी बिघडली, मग सलग तीन दिवस आली. चौथ्या दिवशी आम्ही निघालो.

टोल्याच्या अलीकडे ती भट्टी होती, जिथं ते पूर्वी तीन दिवस पडून होते. भट्टीवाला ओळखीचा. त्यानं लांबून हाक मारली आणि द्रोण भरून वाटेवर आला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, जुना पाहुणा दिसला होता. भाऊ थांबले. किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या दंडाला धरायला गेलो तर त्यांनी झटकलं. मग ते भट्टीवाल्याला म्हणाले, "पानी देतं का रे?"

त्यानं पाणी दिलं. त्याच द्रोणात, दारू ओतून टाकून. भाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि अर्धं पाणी सांडलं. हात पुन्हा थरथरायला लागले होते.

टोल्याच्या तोंडाशी एका झाडाखाली ते बसले. "असा नाही जात," म्हणाले. अर्धा तास गेला, तास गेला. मी कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. ऊन डोक्यावर आलं. मला वाटलं, आता परत जावं लागणार. तेवढ्यात सुकवारोच मूल कडेवर घेऊन आली. कोणी तरी तिला सांगितलं असावं. ती त्यांच्यासमोर बसली आणि मूल मांडीवर घेतलं. कोणाला घाई नाही अशी बसून राहिली. मूल भाऊंच्या शर्टाच्या गुंडीशी खेळायला लागलं.

असा किती वेळ गेला, मी सांगत नाही. भाऊंनी काडी ओढली, ती पहिल्याच झटक्याला पेटली. हत्यार दिव्यावर धरलं, गार होऊ दिलं. त्या दिवशी त्यांनी बकरीचं नाव विचारलं नाही. डाव्या हातानं दंड धरला, टिका लावला. दुसरा लावला. मूल रडलं. सुकवारोनं दंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. आठ दिवसांनी पाहाले येतो."

"ये," ती म्हणाली आणि मूल घेऊन गेली.

भाऊ तिथंच झाडाखाली आडवे झाले. त्या दिवशी वीस मिनिटांनी उठले नाहीत. ऊन उतरल्यावर मीच उठवलं. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, टिके छान धरले होते. शेजारच्या गावातली देवी त्या वर्षी सावरटोल्यापर्यंत आली नाही. आली असती तरी ते पोर वाचलं असतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. दीड वर्षानं भाऊ मेहुण्याच्या मातीला हट्ट्याला गेले आणि तिथं प्यायले. तीन दिवसांनी जनाबाई जाऊन घेऊन आल्या. या वेळी ते स्वतःच आधी दवाखान्यात गेले. परत आले, शांताची पाटी मागितली. ती तोवर मोठ्या शाळेत गेली होती, पाटी धाकटीकडे होती. पुन्हा पहिली वाकडी रेघ. मी धीर द्यायला गेलो तर म्हणाले, "पुन्हा पयलीत बसवलं, हरी. चाललं. पयलीचं सारं पाठ हाय मले."

त्यानंतर त्यांनी घेतली नाही. पण 'सोडली' असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. कोणी अभिनंदन करायला गेलं तर म्हणत, "आज नाही घेतली." आणि विहारात पाचव्या शीलाला अजून गप्पच राहायचे. म्हाताऱ्या काकांनी पुन्हा टोकलं, "आता तं पेत नाही ना? मंग?" भाऊ म्हणाले, "काका, ते पुढचं सांगनं हाय. पुढचं मले मालूम नाही." या वेळी कोणी हसलं नाही. जनाबाईंनी तेवढ्यात मागून पाचवं शील मोठ्यानं म्हटलं, एकट्यांनीच. ते कोणासाठी म्हटलं, त्या कधी बोलल्या नाहीत.

पुढं सुया बदलल्या, दुभंगलेल्या टोकाची नवी सुई आली. मग देवीच गेली. आमचं काम संपलं. काहींना मलेरियाच्या खात्यात घेतलं, माझी बदली लांजीच्या दवाखान्यात झाली. भाऊ नोकरीतून बाहेर पडले. शेवटी शेवटी कधीही पाहावं तर दमलेले दिसत. मी विचारलं होतं, आता कशाचा थकवा? म्हणाले, "पेत होतो तवा थकवा कळत नव्हता. तो सारा आता येऊन राह्यला."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते लांजीच्या बस अड्ड्यावर, भर उन्हाळ्यात. शांताचं सासर लांजीचं, तिच्याकडून ते परत निघाले होते. मलाही बालाघाटला जायचं होतं. अड्ड्याच्या भिंतीशी एक तरणा माणूस दारू पिऊन उन्हात पडला होता. लोक वळसा घालून जात होते. भाऊंनी पिशवी खाली ठेवली, त्याच्या बगलेत हात घातले आणि ओढत त्याला सावलीत आणलं. मग भिंतीला टेकून त्याच्याजवळ बसले आणि गमछ्यानं त्याच्यावर वारा घालायला लागले. त्याला ओळखत नव्हते.

बस लागली. मी हाक मारली, "भाऊ, चला, जागा धरली."

"तू जाय. मी दुसऱ्या गाडीनं येतो. याले शुद्ध आली का पानी लागन."

"पोलीस येऊन उचलतील त्याला."

"हौ. तोपावेतर बसतो."

मी खिडकीशी बसलो. गाडी भरायला बराच वेळ लागला. बाहेर पाहिलं तर गमछा त्यांच्या हातातून गळून मांडीवर पडला होता, मान एका खांद्यावर कलली होती, तोंड थोडं उघडं. शेजारी तो तरणा, तसाच.

माझ्या बाजूला लेकरू घेऊन बसलेली एक बाई वाकून बाहेर पाहत होती. म्हणाली, "पाहा ना बाप्पा, भर दुपारी. दोघंही पेऊन पडले."

गाडी सुरू झाली. मी म्हणालो, "नाही बाई. त्यातला एक थकला हाय."